उतरायला शिकताना

पहिल्या दिवशी टेकडीवर मी सायकलवर बसले त्यापेक्षा सायकल हातात धरून चालले जास्त. भाची पुढं होती. प्रत्येक वळणाला थांबायची, मागं बघायची आणि म्हणायची, "मावशी, उतर. उतरून ये. घाई कसलीच नाही."

उतरणं हा आपला एकच शब्द किती कामं करतो, हे त्या सकाळी पहिल्यांदा ध्यानात आलं. सायकलवरून खाली पाय टेकणं म्हणजे उतरणं आणि टेकडीवरून खाली येणं म्हणजेही उतरणंच. घरून निघताना धास्ती होती ती चढाची. दम लागेल, मांड्या भरून येतील, फिरायला येणारी माणसं बघत राहतील. चढाचं फारसं काही झालं नाही. दम लागला की माणूस आपोआप थांबतो, त्यात शिकण्यासारखं काही नसतं. उतारावर मात्र कधी थांबायचं, कसं थांबायचं आणि थांबलं तर चालतं का, हे कोणीतरी सांगावं लागतं. गेली तीन वर्षं मी तेच शिकतेय.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर प्रुफं तपासते. भाचीला बंगळूरला नोकरी लागली आणि तिची माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांवर चालवायची सायकल, आमच्या जिन्याखाली आली. पुढं शॉकअप, खाचांचे जाड टायर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. "विकू नकोस," म्हणाली, "चालव." आणि जाण्याआधी महिनाभर दर शनिवार-रविवारी पहाटे मला उठवून टेकडीवर घेऊन गेली. सायकल मला नवी नव्हती. लहानपणी तासावर भाड्यानं आणलेली चालवली होती, पुढं कॉलेजला लेडीज सायकलवरूनच जायचे. पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीला सायकल येते का, असं कोणी विचारत नाही. पण डांबरी रस्ता आपल्याला सांभाळून घेत असतो, हे डांबर संपल्यावर कळतं.

आमची टेकडी म्हणजे वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. पुणे शहरातल्या सर्वांत उंच जागांपैकी एक. खालचं शहर साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे वर येईतो दोनशेहून जास्त मीटरांचा चढ होतो. कोथरूडकडून, पाषाणकडून, गोखलेनगरकडून, लॉ कॉलेज रस्त्याकडून, चहूबाजूंनी माणसं येतात. वर वेताळाचं देऊळ, एक जुनी दगडाची खाण, लांबवर पसरलेलं पठार. जंगल म्हटल्यावर जे घनदाट काही डोळ्यांपुढं येतं तसं हे नाही. हे आपलं देशावरचं रान आहे: मोई, सालई, हेकळ, पळस, आणि वनखात्यानं लावलेला गिरिपुष्प, ज्याला गावाकडं उंदीरमारी म्हणतात. फेब्रुवारीत गणेराला एकही पान नसतं आणि फांद्यांच्या टोकांना हाताएवढी पिवळीजर्द फुलं येतात. मी इतकी वर्षं या टेकडीच्या पायथ्याशी राहून गणेर नीट पाहिला तो सायकल हातात धरून चढताना.

कुठून सुरुवात करावी, असं हल्ली मला कोणी कोणी विचारतं. मी जाळरेषा सांगते. वणवा पसरू नये म्हणून वनखातं उन्हाळ्याआधी गवताचा पट्टा साफ करून ठेवतं, ती जाळरेषा. रुंद असते, समोरचं लांबपर्यंत दिसतं, चुकलो तर दोन्ही बाजूंना जागा असते. तिथं दहा-पंधरा दिवस नुसतं जावं-यावं. कुठल्या वाटेनं सायकल न्यायला हरकत नाही, हे आधी वनरक्षकाला विचारून घ्यावं. सगळ्याच वाटा सायकलीसाठी नसतात आणि काही भाग रोपं लावल्यावर मुद्दाम बंद ठेवलेले असतात. तो भला माणूस आपल्याला नेमकी वाट दाखवतो, वर वणव्याचे दिवस कोणते तेही सांगतो.

त्याआधी हवा. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी पहिल्या दिवशी नेहमीच्या सवयीनं टायर दगडासारखे टणक केले होते. भाचीनं अंगठा दाबून बघितला आणि फुस्स करून हवा सोडली. मला वाटलं, कमी हवेनं सायकल जड होईल. रस्त्यावर होते खरी. पण वाटेवर टणक टायर प्रत्येक खड्यावरून टप्पा खातो आणि थोडा मऊ टायर खड्याला कवेत घेऊन पुढं जातो. माझं वजन साठ किलोच्या घरात आहे. दोन इंची रुंद टायरला पंपाच्या काट्यावर तिसाच्या आसपास हवा मला बरोबर पडते. फार उतरवली तर दगडावर आपटून ट्यूब रिमच्या दोन कडांशी चेपते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. काकांना आता माझी सायकल दिसली की ते विचारतात, "टेकडीची का गावातली, ताई?" आणि त्याप्रमाणे हवा भरतात.

टेकडीची जमीन म्हणजे मुरूम. सह्याद्रीतला काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, ऊनपावसानं झिजत झिजत भुरा होतो तो हा. पावसाळ्यानंतर तो दाबून बसलेला असतो, तेव्हा त्याच्यासारखी वाट नाही. मार्चपासून वरचा थर सुटतो. खाली कातळ टणक आणि वर वाटाण्याएवढे सुटे खडे, म्हणजे बेअरिंगमधले छर्रेच सांडल्यासारखे. चाक त्यावर फिरतं तोवर ठीक. ब्रेकनं चाक जाम केलं की सायकल छर्‍यांवरून घसरत जाते. म्हणून ब्रेक दाबून धरायचा नसतो. एका बोटानं, पुढचा-मागचा मिळून, दाबायचा-सोडायचा, आणि वेग जो कमी करायचा तो वळणाच्या आधी करायचा. वळणात शिरल्यावर ब्रेकला हात लावायची वेळ आली तर आधीच उशीर झालेला असतो. हे मी आता सहज लिहितेय, पण हाताला हे पटायला चार महिने लागले. भीती वाटली की मूठ आवळते, ही शरीराची फार जुनी सवय आहे.

बाकीचं शरीरही नव्यानं उभं करावं लागतं. अक्षरशः उभं. उतारावर सीटवर बसून राहिलं तर प्रत्येक दगडाचा दणका थेट कण्यात जातो. सीट चार बोटं खाली घ्यायची, दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवून त्यांवर उभं राहायचं, गुडघे आणि कोपरं सैल सोडायची. खालून सायकल हवी तितकी उडो, वरचा माणूस शांत. चढावर उलट: सीटच्या पुढच्या टोकाशी सरकून बसायचं, छाती खाली घ्यायची आणि गिअर चढ लागण्याआधीच हलका करायचा. चढात जोर लावत असताना गिअर बदलला की चेन कडाकडा ओरडते. एकदा तिनं साथ सोडली तर तिथंच उतरावं लागतं, आणि तिथून पुन्हा चढून बसणं कठीण.

आता नजरेबद्दल. इथं माझ्या धंद्यानं मला फार त्रास दिला. पंचवीस वर्षं माझ्या डोळ्यांना एकच काम माहीत आहे, चूक शोधणं. पानभर मजकूर सरळ जातो, आणि जिथं वेलांटी र्‍हस्वाची दीर्घ झाली तिथं नजर अडकते. वाटेवरही तेच व्हायचं. तीन हात रुंदीची स्वच्छ वाट आणि मधोमध नारळाएवढा एक दगड. मी त्या दगडाकडं बघायचे. बघत बघत, अगदी नेमानं, जाऊन त्यावरच आपटायचे. भाची मागून ओरडायची, "मावशी, दगड दिसला ना? मग सोड त्याला. वाट बघ." जिकडं नजर तिकडं मान, जिकडं मान तिकडं खांदे, आणि खांद्यांमागून हँडल. यात काही गूढ नाही, शरीर असंच चालतं. पण मला ते करायला फार जड गेलं. दगड दिसतो, त्याची नोंद होते, आणि नजर त्याच्या बाजूच्या मोकळ्या मातीवर, तिथून पुढं दहा-बारा हातांवर जाते, हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी खाली येऊन गिरिपुष्पाखाली बसून राहिले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्याच आनंदात पुढच्या आठवड्यात पडले. टेकडीच्या उतारावर पाणी अडवण्यासाठी सलग समतल चर खणलेले आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही टेकडीवर जा, हे चर भेटणारच. नवख्या सायकलवाल्याची पहिली खरी परीक्षा दगडाची नसते, चराची असते. माझ्या वाटेवरचा चर वर्षानुवर्षांच्या पायांनी बुजत आला होता, वीतभरच खोल उरला होता, आणि वर वाळका पाला साचलेला. पुढचं चाक त्यात गेलं आणि तिथंच राहिलं. मी पुढं गेले. डावा तळहात आणि गुडघा सोलला, हेल्मेटची कड आपटली. हेल्मेट आणि हातमोजे यांबद्दल मी कोणाशी वाद घालत नाही. हातमोजे त्या दिवशी घरी राहिले होते आणि पंधरा दिवस मला भाकरी थापता आली नाही.

पाणी ओतून हात धूत होते तेव्हा फिरायला येणारे एक आजोबा थांबले. रोज भेटतात. पांढरी टोपी, हातात वेताची काठी. त्यांनी खिशातला रुमाल दिला आणि त्या चराकडं बघून म्हणाले, "इथं तुम्ही परवा उतरला होतात. आज का नाही उतरलात?"

मला उत्तर सुचलं नाही. परवा मी भीतीनं उतरले होते, म्हणून आज उतरायचं नाही असं मनानं ठरवलं होतं. त्या जागेकडं मी बघितलंच नव्हतं. मी स्वतःकडं बघत होते. परवाचं उतरणं बरोबर होतं, कारण कुठलंही असो. त्यानंतर मी एक नेम केला आहे. अवघड जागा आली की आधी उतरायचं, सायकल आडवी ठेवायची आणि ती जागा पायी जाऊन बघून यायची. दगड सुटा आहे का रुतलेला, पाला किती, पलीकडं थांबायला जागा आहे का. मग जमेल वाटलं तर परत वर जाऊन बसायचं. नाही वाटलं तर हातात धरून पलीकडं न्यायची. या नेमानं माझा वेग कमी झाला असेल, पण तो चर मी पुढच्या महिन्यात पार केला आणि तेव्हा मला त्यातला प्रत्येक दगड ओळखीचा होता.

डोंगरात सायकल चालवण्याचा हा खेळ ज्यांनी सुरू केला तीही मंडळी उतारामागंच लागलेली होती. कॅलिफोर्नियात मरिन परगण्यात टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तिथली पोरं १९३०-४०च्या सुमाराच्या जुन्या, जडशीळ सायकली शोधून आणायची, ढकलत नाहीतर गाडीत घालून वर न्यायची आणि मातीच्या रस्त्यानं सुसाट खाली यायची. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या घोडा सायकलीची आठवण व्हावी अशा त्या सायकली. १९७६च्या ऑक्टोबरात त्यांनी एका उतारावर घड्याळ लावून शर्यत घेतली. तीन किलोमीटरच्या आसपास अंतर आणि १३०० फूट खाली. मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्येच ब्रेक असायचा, पायडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतरणीत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा, आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. पुन्हा भरण्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच त्या उताराचं नाव झाला, रिपॅक. त्यांतल्याच जो ब्रीझनं १९७७च्या सुमारास डोंगरासाठीच म्हणून पहिली फ्रेम जोडली, आणि १९९६ला अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. पंक्चरवाल्या काकांना मी ही गोष्ट सांगितली. ऑलिंपिकचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. ग्रीस जळायचं, हे ऐकून मात्र हातातलं काम थांबलं. "म्हणजे छर्रेपण निळे पडत असतील," ते म्हणाले, आणि बराच वेळ हळहळले.

काकांकडून मी पंक्चर काढायला शिकले, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. टेकडीवर काटे अमाप. बोरीचे, बाभळीचे, हेकळीचे. पहिल्या वर्षी मी नऊ वेळा सायकल ढकलत घरी आणली. नवी ट्यूब घालायचे आणि दुसऱ्या दिवशी परत हवा गायब. मग काकांनी मला दुकानात स्टुलावर बसवलं. "ताई, तुम्ही ट्यूबच बघत बसता. टायरमध्ये बोट फिरवा." मी फिरवलं. "सावकाश. पीठ चाळल्यावर खडा बघतो तसं." अर्धा टायर गेला आणि बोटाच्या पेराला टोचलं. बाभळीचा काटा, बाहेरून मोडलेला, आतून तिळाएवढा डोकावणारा. प्रत्येक नव्या ट्यूबला तोच भोक पाडत होता. चिमट्यानं काढून त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. मग ट्यूब पाण्याच्या घमेल्यात, बुडबुडा, कानसेनं घासणं, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबणं. "ओल्यावर चिकटवलं की टिकत नाही," ते म्हणाले, "लोकांना तेवढा वेळ नसतो." आता माझ्या पिशवीत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, हातपंप आणि पाण्याची बाटली असते, आणि टेकडीवर एखादं कॉलेजचं पोर पंक्चर होऊन उभं दिसलं की मी थांबते. आधी बोट फिरवायला लावते.

टेकडी चालणाऱ्यांची आहे, हे मी मनाशी पक्कं धरलं आहे. आजोबा-आजी, पोरांना घेऊन येणारे आईवडील, पक्षी बघणारे. ते इथं आपल्या कितीतरी आधीपासून आहेत. समोरून माणूस दिसला की मी वेग पायी चालण्याइतका करते, घंटी एकदाच वाजवते, "काका, डावीकडून येतेय" म्हणते. वाट अरुंद असली तर उतरून बाजूला उभी राहते. २०२३च्या एप्रिलमध्ये टेकडीतून जाणाऱ्या नियोजित रस्त्याविरुद्ध मोर्चा निघाला तेव्हा आम्ही सगळे त्यात बरोबर चाललो होतो. सायकल मी घरीच ठेवली होती.

मागच्या वर्षी मे महिन्यात पठारावर एक टिटवी अंगावर आली. डोक्यावरून घिरट्या, टिव-टिव-टिटिव असा आकांत. मी थांबले, उतरले, आणि पाय कुठं टेकवायचा म्हणून खाली पाहिलं. वाटेच्या कडेपासून दोन हातांवर, उघड्या मुरुमात, चार अंडी. घरटं असं काही नाहीच, नुसता खोलगट भाग, कडेला चार खडे. अंड्यांचा रंगही त्या खड्यांसारखाच, मळकट, वर काळपट ठिपके. जरा नजर हलवली की पुन्हा सापडत नव्हती. मी, जिची नजर एक चुकलेली वेलांटी सोडत नाही, मला ती दिसली ती थांबल्यावर. समोरून येणारा दगड टाळायला वाट सोडून बाजूनं गेलेल्या सायकलींचे ओरखडे तिथून वीतभरावर होते. माझेही असतील त्यात. दगड टाळायला वाट सोडून जाणं मला तोवर हुशारी वाटायची. वाट अशीच रुंदावत जाते, गवत मरतं, आणि उन्हाळ्यात जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीला, रातव्याला, चंडोलाला जागा उरत नाही. मी सायकल उचलून मागं नेली आणि लांबच्या वाटेनं गेले. तेव्हापासून दगड आला तर दगडावरून जाते, नाहीतर उतरते.

पावसाचंही तसंच. जूनमध्ये पहिल्या सरी आल्या की सायकल काढावी असं फार वाटतं. हवा गार, धूळ बसलेली, रानाला वास सुटलेला. पण ओल्या मातीत चाक रुततं आणि मागं बोटभर खोल चरी सोडतं. पुढच्या पावसाचं पाणी वाट शोधत येतं, त्याला ती चरी आयती मिळते. पाणी तिच्यातून वेगानं धावतं, माती घेऊन जातं, आणि ऑक्टोबरात बघावं तर तिथं घोटाभर घळ. एका सकाळच्या मौजेची. मुरमाड वाटा पाऊस थांबल्यावर लवकर निथळतात, पठारावरची काळी माती दिवसेंदिवस ओल धरून राहते. कुठली वाट कधी तयार असते, हे बुटाच्या टाचेनं दाबून बघायला मी शिकले आहे. टाच रुतली तर सायकल न्यायची नाही.

खाणीच्या बाजूला एक वळण आहे, दगडांचं, उताराचं, डावीकडं झुकलेलं. भाचीला ते जमायचं. मला तीन वर्षांत जमलेलं नाही. यंदा मेअखेरीस मी ते चार वेळा पायी बघून आले, दगड न दगड डोक्यात बसवला, आणि येत्या रविवारी जायचं असं ठरवून भाचीला कळवलंही. ती शनिवारी रात्रीच्या गाडीनं आली. आणि त्याच रात्री वळवाचा पाऊस झाला.

सकाळी आम्ही दोघी वर गेलो. आभाळ निवळलं होतं, ऊन लख्ख होतं. वळणाच्या डोक्यावर मी उतरले आणि टाच दाबली. भाचीनंही दाबली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मग सायकली हातात धरून, कडेकडेच्या दगडांवर पाय देत, आम्ही ते वळण उतरलो. खाली आजोबा भेटले, तीच टोपी, तीच काठी.

"आज पायी का?" त्यांनी विचारलं.

"ओली आहे अजून," मी म्हटलं.

त्यांनी काठीचं टोक मातीत रोवून बघितलं, मान डोलावली आणि आमच्याबरोबर खाली चालू लागले.